गॅम्बियाची लस : चाळीस वर्षांच्या सबुरीची कहाणी

इंग्लंडातल्या थंडीला कंटाळून जानेवारी-फेब्रुवारीत गॅम्बियाला जाऊन आलेली मंडळी आपल्या मंडळातही असतील. सहा तासांचा विमानप्रवास, लखलखीत ऊन, परवडणारी हॉटेले आणि बोलायला इंग्रजी. आम्ही उभयताही जाऊन आलो. पण मला या देशाचे नाव त्याच्या कितीतरी आधीपासून ठाऊक होते, आणि तेही समुद्रकिनाऱ्यासाठी नव्हे. माझी सारी नोकरी इथल्या इस्पितळांच्या प्रयोगशाळांत रक्ताचे नमुने तपासण्यात गेली. 'कावीळ ब', म्हणजे हिपॅटायटिस बी, हा आमच्या रोजच्या धास्तीचा विषय. त्यावरच्या व्यावसायिक मासिकांत गॅम्बियाचे नाव सारखे येई. संपादकांनी स्मरणिकेसाठी "काहीतरी इतिहासाचे लिहा" असा आग्रह धरला, तेव्हा शिवकाल-पेशवाईवर लिहिणारे जाणकार आपल्यात पुष्कळ आहेत, आपण हा न ऐकलेला इतिहास सांगावा, असे ठरवले.

गॅम्बिया हा आफ्रिकेच्या मुख्य भूमीवरचा सर्वांत लहान देश. नकाशात पाहिले तर सेनेगलच्या पोटात शिरलेली एक नदी आणि तिच्या दोन्ही काठांची चिंचोळी पट्टी, एवढाच. १९६५ साली ब्रिटिशांकडून स्वतंत्र झाला. १९८३ च्या जनगणनेत त्याची लोकसंख्या सात लाखांच्याही आत होती, म्हणजे आपल्या सिंधुदुर्ग जिल्ह्याहून कमी. मुख्य नगदी पीक भुईमूग. घरोघरी 'डोमोडा' नावाचे दाण्याच्या कुटाचे घट्ट कालवण भाताबरोबर खातात. आमटीत कूट घालणाऱ्या आपल्या लोकांना ते परके वाटत नाही.

या छोट्या देशात पुरुषांना होणाऱ्या कर्करोगांत यकृताचा कर्करोग पहिल्या क्रमांकावर होता. युरोपात हा रोग बहुधा म्हातारपणी होतो. गॅम्बियात तो तिशी-चाळिशीतल्या, शेतात राबणाऱ्या माणसाला गाठी. पोट फुगू लागे, वजन उतरे, डोळे पिवळे होत. दवाखान्यात येईपर्यंत उपाय संपलेले असत आणि पुढच्या काही महिन्यांत घरातला कर्ता माणूस जाई.

याचे मूळ बहुतांशी कावीळ ब च्या विषाणूत होते. बारूक ब्लमबर्ग या अमेरिकन शास्त्रज्ञाला एका ऑस्ट्रेलियन आदिवासी माणसाच्या रक्तात एक अनोळखी प्रथिन सापडले. १९६५ साली त्याने ते जाहीर केले आणि पुढे ते याच विषाणूचे निघाले. १९७६ चे नोबेल त्याला मिळाले. हा विषाणू मोठेपणी शिरला तर शंभरातील पंच्याण्णव माणसे त्याला परतवून लावतात. नवजात बाळाच्या अंगात शिरला तर मात्र दहापैकी नऊ बाळांत तो जन्मभर मुक्काम करतो. बाळ हसते-खेळते असते, शाळेत जाते, लग्न करते आणि तीस-चाळीस वर्षांनी यकृत निकामी होते. गॅम्बियात लस येण्यापूर्वी दर सहा-सात प्रौढांमागे एकाच्या रक्तात हा विषाणू वस्तीला होता. काहींना तो आईकडून मिळे, पण बहुतेकांना पहिल्या चार-पाच वर्षांत, खेळताना, खरचटताना, भावंडांकडून.

दुसरा गुन्हेगार दाण्यांत दडलेला होता. १९६० साली इंग्लंडमध्ये एक लाखाहून अधिक टर्की पक्षी अचानक मेले. शोध घेता त्यांच्या खाद्यातल्या ब्राझीलहून आलेल्या शेंगदाण्याच्या पेंडीत बुरशीचे विष सापडले. तेच अफ्लाटॉक्सिन. ओलसर हवेत पोत्यात भरून ठेवलेल्या दाण्यांवर ही बुरशी धरते. विषाणू आणि हे विष एकाच शरीरात भेटले की कर्करोगाचा धोका कित्येक पटींनी वाढतो. आपल्या आज्या सुपात दाणे घेऊन काळे-सुरकुतलेले वेचून टाकत, त्या सवयीला माझ्या लेखी शास्त्रज्ञांइतकाच मान आहे. जवळच्या गिनी देशातही संशोधकांनी काहीसे असेच केले. वीस खेड्यांपैकी निम्म्या खेड्यांत शेंगा चटयांवर नीट वाळवायच्या, खराब दाणे वेचायचे, तागाच्या पोत्यांत भरून लाकडी फळ्यांवर ठेवायचे, एवढेच शिकवले. २००५ साली निष्कर्ष छापून आले. त्या गावच्या लोकांच्या रक्तातले विषाचे प्रमाण निम्म्याहून कमी झाले होते.

आता लसीकडे वळतो. कावीळ ब ची लस १९८१ साली अमेरिकेत मंजूर झाली. ती विषाणू वागवणाऱ्या माणसांच्याच रक्तद्रवापासून शुद्ध करून बनवत, त्यामुळे महाग होती. शिवाय एड्सच्या भीतीने लोक ती टोचून घ्यायला बिचकत. तैवानने १९८४ साली बाळांना ती द्यायला सुरुवात केली. पण आफ्रिकेच्या खेड्यापाड्यांत, जिथे संसर्ग वेगळ्या वाटेने होतो, तिथे ती कर्करोग टाळील काय? गॅम्बिया सरकार, फजारा येथील ब्रिटिश मेडिकल रिसर्च कौन्सिलचे केंद्र आणि फ्रान्समधल्या लियाँची आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी इटालियन सरकारच्या पैशावर हे तपासायचे ठरवले.

जुलै १९८६ मध्ये काम सुरू झाले. देशभर बाळांना टोचणारी सतरा पथके आधीपासून होतीच. पहिल्या दिवशी सगळ्यांना पुरेल एवढी लस नव्हती. म्हणून चिठ्ठ्या टाकल्यासारखा पथकांचा क्रम लावला, आणि दर तीनेक महिन्यांनी एकेका पथकाच्या टोपलीत ही नवी लस पडू लागली. १९९० पर्यंत सर्व पथके आली, आणि तेव्हापासून तिथल्या प्रत्येक बाळासाठी ही लस आहे. त्या चार वर्षांतली सुमारे एकसष्ट हजार बाळे लस मिळालेली, त्रेसष्ट हजारांवर न मिळालेली. या पायरीपायरीच्या पद्धतीचे नाव पुढे संशोधनाच्या पाठ्यपुस्तकांत गेले. न मिळालेल्या बाळांचे काय, हा प्रश्न माझ्याही मनात येतो. पण लस अपुरी असताना ओळखीपाळखीने वाटण्यापेक्षा चिठ्ठी न्याय्य, असे माझे मत आहे.

पुढचे काम कंटाळवाणे होते, आणि खरी थोरवी तिथेच आहे. बाळ चाळीस वर्षांचे होईपर्यंत थांबायचे! त्यासाठी १९८६ सालीच संपूर्ण देशाची कर्करोग नोंदवही सुरू केली. तेव्हा आफ्रिकेत अशा नोंदी ठेवणारे देश हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते. इस्पितळांतून फिरून नावे, गावे, वये लिहिणारे कारकून यात नसते, तर सगळे शास्त्र कागदावरच राहिले असते. मध्यंतरी १९९४ साली लष्करी उठाव झाला, सरकार बदलले, तरी नोंदवही चालू राहिली. पुढे तरुण मुले लिबियामार्गे युरोपकडे निघाली. तिकडे या वाटेला 'बॅक वे' म्हणतात. नोंदीतला मुलगा गावातच नसला, तर त्याला शोधायचे कुठे?

तरीही उत्तरे येत गेली. ही मुले वीस वर्षांच्या आसपास असताना २००७-०८ मध्ये रक्त तपासले. लस न मिळालेल्यांत शंभरात बारा जणांच्या अंगी विषाणू होता, पूर्ण लस मिळालेल्यांत शंभरात एकाहूनही कमी. २०११ पासून मोठ्या माणसांसाठीही एक मोहीम निघाली. घरोघर जाऊन तपासणी केली तेव्हा प्रौढांत नऊ टक्क्यांच्या आसपास विषाणू आढळला, आणि त्यांतल्या शंभरात चार-पाच जणांनाच तातडीने औषध सुरू करण्याची गरज निघाली. ते औषधही रोज एक गोळी.

आता तुलना करायचा मोह आवरत नाही. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या लसी युनिसेफमार्फत आफ्रिकेतल्या अनेक देशांना जातात, याचा आपल्याला रास्त अभिमान असतो. पण भारतात कावीळ ब ची लस सरकारी कार्यक्रमात प्रायोगिक म्हणून आली २००२ साली, आणि सर्व राज्यांत पोहोचली २०११ साली. गॅम्बियानंतर एकवीस वर्षांनी. म्हणजे आपल्या मंडळातले, भारतात जन्मलेले बहुतेक सगळे आणि त्यांची मोठी मुले या लसीविना वाढली. इथल्या डॉक्टरांकडे साधी रक्ततपासणी होते. मी आमच्या घरातल्या सर्वांची करवून घेतली.

गॅम्बियात एक गोष्ट मात्र अजून अडते. आईकडून होणारा संसर्ग रोखायचा तर पहिली मात्रा जन्मानंतर चोवीस तासांत टोचावी लागते. २००४ ते २०१४ या काळात जन्मलेल्या सुमारे अकरा हजार बाळांच्या नोंदी पाहिल्या, तेव्हा चोवीस तासांत ती मिळालेली बाळे शंभरात जेमतेम एक निघाली. सात दिवसांत पाच. महिन्याभरात निम्म्याहून थोडी अधिक. लस देशात होती, पण टोचणारे पथक ठरल्या वारीच गावात यायचे. तिकडे बाळाचे नाव सातव्या दिवशी ठेवतात, आपल्याकडे बारसे बाराव्या दिवशी. बहुतेक बाळांना नाव आधी मिळे आणि लस मागाहून.