साहित्य तुमचं, मजुरी आमची

सरकारचं बेकरीकडे पहिल्यांदा लक्ष गेलं ते धुरामुळे. पाव आंबला की करपला, ही चौकशी फार नंतरची. मुंबई महापालिकेच्या १८८८ च्या कायद्यातलं ३९४ वं कलम वाचा. चिंता सगळी आगीची, वासाची आणि शेजाऱ्यांना होणाऱ्या जाचाची. असे धंदे आयुक्तांच्या परवान्याशिवाय चालवायचे नाहीत, असा त्याचा रोख, आणि मुंबईत बेकरीचा परवाना निघतो तो याच कलमाखाली. बाकीच्या मोठ्या शहरांसाठी १९४९ चा प्रांतिक महापालिका कायदा झाला, त्यात तेच काम ३७६ व्या कलमाकडे आलं. कायद्यानं भट्टी पाहिली, धुराडं पाहिलं, सरपणाचा ढीग पाहिला. पीठ कोण मळतंय आणि कुठे, हे विचारायची त्याला गरज वाटली नाही.

मी अन्न निरीक्षक, आता निवृत्त. नोकरीचा बहुतेक काळ १९५४ च्या अन्न भेसळ प्रतिबंधक कायद्याखाली गेला आणि शेवटची काही वर्षं २००६ च्या कायद्याखाली. या नव्या कायद्यानं आमचं नाव बदलून ‘अन्न सुरक्षा अधिकारी’ केलं, पगार तेवढाच ठेवला. घरात करून विकण्याच्या धंद्याला कायद्यानं कसं वागवलं हे मी दोन्ही बाजूंनी पाहिलंय, कारण माझी आई दिवाळीत मजुरीनं नानकटाई करून द्यायची.

आपल्या स्वयंपाकघरातली आच खालची. चूल, शेगडी, स्टोव्ह, गॅस, सगळ्यांची तीच तऱ्हा. नानकटाईला, केकला वरूनही ऊब लागते. गोव्यातल्या ख्रिस्ती घरांनी हा प्रश्न केव्हाच सोडवला होता: बेबिंकाच्या भांड्यावर झाकण, झाकणावर करवंट्यांचे निखारे, आणि एकेक थर वरून भाजत जायचं. देशावर ती रीत नव्हती. इथं नानकटाई आली ती बेकरीतून. तिचं कूळ सुरतेचं, असं सांगतात. तिथल्या डच वखारीसाठी पाव भाजणाऱ्या भट्ट्या पुढे पारशांच्या हाती आल्या आणि तिथून ही चीज पसरली.

पण आमच्या पेठेत बेकरीतलं खायला घरं सहसा राजी नसत. पाव म्हणजे आजारी माणसाचं खाणं. गंमत अशी, की बेकरीत भाजलेलं चाले, बेकरीत मळलेलं चालत नसे. पीठ कोणाच्या हातचं आणि तूप कसलं, हा सगळा सवाल; आगीला सोवळंओवळं नाही, एवढी सोय धर्मानं ठेवली होती. मग बायकांनी मधला मार्ग काढला. साहित्य घरचं, हात घरचे, आणि भट्टी तेवढी भाड्याची.

आई परातीत तूप फेसायला बसायची. तळहातानं, एकाच दिशेनं, तूप पांढरं आणि हलकं होईपर्यंत. तसं झालं की पिठीसाखर घालायची. मग मैदा, थोडा रवा, वेलदोडा, जायफळ. गोळे घरीच वळून परातीत रचायचे, वर ओलं फडकं, आणि निघायचं. बेकरीवाला पत्रे द्यायचा आणि भाडं पत्र्यावर घ्यायचा. जाण्याची वेळ रात्रीची, कारण पावाला भट्टी कडक लागते. पावाचे घाणे निघाले की ती उतरायला लागते, आणि त्या उतरत्या आचेवरच नानकटाई नीट होते. घाई करून कडक भट्टीत सरकवली तर वरून लाल आणि आत कच्चं पीठ. बेकरीवाल्याच्या दृष्टीनं ही आच वायाच जाणारी, म्हणून भाडंही बेताचं.

दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात बेकरीच्या दारात परातींची रांग लागायची. कोणाची नानकटाई कोणाच्या डब्यात जाऊ नये म्हणून प्रत्येक घराची खूण ठरलेली. आमची तीन चारोळ्या. समोरच्या वाड्यातल्या काकूंचा अर्धा काजू. एक आजी नुसता अंगठ्याचा ठसा उमटवायच्या, आणि आपला अंगठा आपण ओळखतो यावर त्यांचा इतका विश्वास, की भांडणं नेमकी त्यांच्याच पत्र्यावरून व्हायची.

रेशनिंगनं ही पद्धत आणखी पक्की केली असणार. मुंबईत २ मे १९४३ ला रेशनिंग सुरू झालं आणि पुढे साखर, गहू कार्डावर मोजून मिळायची सवय सगळ्या राज्याला लागली. बेकरीवाल्याकडे आग होती, साखर नव्हती. घरात सणासाठी वाचवलेली साखर होती, आग नव्हती.

ज्या बाईचा हात चांगला, तिच्याकडे मग शेजारणी साहित्य आणून द्यायला लागल्या. ‘साहित्य तुमचं, मजुरी आमची,’ असा तो व्यवहार. शेरामागे ठरलेले पैसे. फराळाचं सगळंच असं होत असे, चकली-अनारशांपासून. कायद्याच्या नजरेनं पाहिलं तर ही व्यवस्था फार सुरेख. तूप ज्याचं, नानकटाई त्याची. आईनं काही विकलंच नाही, श्रमाचे पैसे घेतले. भट्टीला परवाना होताच. एकही कलम मोडलं नाही आणि घरात वर्षाच्या वह्या-पुस्तकांचे पैसे आले. हे कोणा वकिलानं सुचवलेलं नव्हतं.

भेसळ प्रतिबंधक कायदा १ जून १९५५ पासून लागू झाला. त्याखालच्या नियमांतला पन्नासावा नियम परवान्याचा: विक्रीसाठी खाद्यपदार्थ करणं, साठवणं, विकणं, सगळ्याला परवाना हवा. दुकान की घर, असा भेद त्यात नाही. १९७६ च्या दुरुस्तीनंतर भेसळीला सर्वसाधारणपणे किमान सहा महिने कैद आणि हजार रुपये दंड. दुधात पाणी घालणाऱ्यासाठी केलेला हा दांडपट्टा. तो हातात घेऊन आम्ही कोणाकोणाच्या दारात उभे राहू, याचा विचार कायदा करणाऱ्यांनी केला नव्हता.

कारण दरम्यान मजुरी मागे पडली होती. शेजारणी नोकरी करायला लागल्या आणि म्हणायला लागल्या, ‘काकू, साहित्यही तुम्हीच आणा, किलोचा भाव सांगा.’ आई ‘बरं’ म्हणाली. त्या एका ‘बरं’नं ती कायद्यानं उत्पादक आणि विक्रेती झाली, तिला अर्थातच पत्ता नव्हता. पुढे विजेवर चालणारे ॲल्युमिनियमचे गोल ओव्हन घराघरांत आले. झाकणाला काचेची खिडकी, आणि लहान मुलांची डोकी त्या खिडकीवर. ज्यांना ओव्हन परवडत नव्हता त्या कुकरमध्ये वाळू तापवून केक करायच्या. भट्टी घरात आली आणि भाजण्याच्या धंद्यातला जो एकच दुवा कायद्याच्या नोंदीत होता तो निखळला.

एका जिल्ह्याच्या गावी असताना माझ्याकडे तक्रार आली. एक बाई घरात बिस्किटं करून ‘साजूक तुपातली’ म्हणून विकते, परवाना नाही. तक्रारीवर नाव नव्हतं, पण अक्षर आणि कागद दुकानदाराचा होता. पंचाला घेऊन गेलो. दोन खोल्या, गोल ओव्हन, घासून लख्ख केलेले डबे, डब्यांवर वहीच्या कागदाच्या चिठ्ठ्या. आमच्या कायद्यात नमुना फुकट घ्यायची मुभा नव्हती. किंमत मोजायची, मगच नमुना. मी पैसे पुढे केले. त्या पैसे घेईनात.

‘घरी आलेल्या माणसाकडून कसले पैसे घ्यायचे, भाऊ? बसा, चहा टाकते.’

‘वहिनी, पैसे घेतले नाहीत तर नमुना होत नाही.’

‘मग नका करू नमुना. खा.’

बऱ्याच वेळानं त्यांनी पैसे घेतले, आणि पावतीवर सही करताना हात थरथरत होता, कारण आता हे सरकारी झालं होतं. मी नानकटाईचे तीन भाग केले, तीन बाटल्यांत भरले, जाड कागदात गुंडाळले, दोरा बांधला आणि लाखेचे शिक्के मारले. वितळलेल्या लाखेचा वास आणि वेलदोड्याचा वास त्या खोलीत एकत्र झाला. एक भाग विश्लेषकाकडे, दोन स्थानिक आरोग्य अधिकाऱ्याकडे.

साजूक तुपाची परीक्षा तशी सोपी. वनस्पती तुपात किमान पाच टक्के तिळाचं तेल घालण्याची सक्ती होती, ती मुद्दाम याचसाठी. प्रयोगशाळेत पदार्थातला स्निग्धांश वेगळा काढायचा, त्यात हायड्रोक्लोरिक आम्ल आणि फर्फ्युरालचे थेंब घालून हलवायचं. तीळ असेल तर लालसर रंग उतरतो आणि वनस्पती पकडलं जातं. अहवालाला चाळीस दिवसांची मुदत. आमचा अहवाल आला तेव्हा दिवाळी होऊन तुळशीचं लग्नही झालं होतं. रंग आला नव्हता. तूप साजूक होतं.

परवान्याचं घोंगडं मात्र भिजतच पडलं. त्या अर्ज घेऊन गेल्या तर कार्यालयानं जागेचा नकाशा, घरमालकाची हरकत नसल्याचा दाखला आणि व्यापारी वापराची परवानगी मागितली. राहत्या घराला व्यापारी वापराची परवानगी मिळणार नव्हती. परवाना हवा, पण परवाना मिळेल अशी जागा असता कामा नये, असा तो पेच. पुढच्या दिवाळीला त्यांनी डब्यांवरच्या चिठ्ठ्या काढून टाकल्या आणि ओळखीच्यांनाच द्यायला लागल्या. चिठ्ठी असताना निदान काय आत आहे ते लिहिलेलं होतं. कायद्याचा एवढाच परिणाम झालेला मी पाहिला.

याच काळात मुंबईत बायकांनी स्वतःचे नियम करून दाखवले होते. गिरगावात १५ मार्च १९५९ ला सात जणींनी ऐंशी रुपये उसने घेऊन सुरू केलेल्या लिज्जतमध्ये पीठ केंद्रावर मळलं जातं, लाटायला घरी नेलं जातं आणि पापड परत केंद्रावर तपासून, तोलून घेतात. घरी नेण्याआधी घरची जागा स्वच्छ आहे का, हे बघितलं जातं. नानकटाईच्या बरोबर उलटा प्रवास: तिथं मळणं घरी आणि भाजणं बाहेर, इथं मळणं बाहेर आणि लाटणं घरी. घरातल्या ओट्याला बंदी न घालता तो तपासता येतो, हे त्यांना आमच्या खात्याच्या कितीतरी आधी कळलं होतं.

खात्याला कळायला २०११ उजाडलं. ५ ऑगस्ट २०११ पासून नवा कायदा लागू झाला आणि त्यातल्या ३१ व्या कलमानं छोट्या उत्पादकाला परवान्यातून सोडवून नुसत्या नोंदणीवर आणलं. वर्षाची उलाढाल बारा लाखांपर्यंत असली तर वर्षाला शंभर रुपये फी आणि चौदा आकडी नंबर. सोबत साध्या अटी: पाणी पिण्यालायक, नखं कापलेली, हाताला उघडी जखम नको, काम करताना तंबाखू नको. मला त्या अटी वाचून हसू आलं होतं. आईनं त्या कधी लिहिल्या नव्हत्या, पण तिच्या ओट्यापाशी यांतली एकही मोडण्याची कोणाची हिंमत नव्हती. लेबलाचे नियम मात्र त्याआधीपासूनच वाढत होते. २००१ पासून तपकिरी ठिपका आला आणि अंडं कायद्यानं मांसाहारात गेलं. घरगुती केकवाल्यांच्या जाहिरातीत ‘एगलेस’ला जे महत्त्व आहे त्यात त्या ठिपक्याचाही वाटा असावा, असा माझा कयास.

२०२० च्या टाळेबंदीत दुकानं बंद झाली आणि दर दुसऱ्या घरात कोणी ना कोणी केक करायला लागलं. माझ्याकडे सोसायटीतल्या मुली विचारायला यायच्या, ‘काका, लायसन लागतं का?’ मी सांगायचो, लायसन नाही, नोंदणी. आणि वजन, तारीख, पत्ता नीट लिहा. काही करायच्या, बऱ्याच जणी नुसत्या हसायच्या. धाड घालायला जायचं माझं वय उरलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर इच्छाही नव्हती.

आता कायद्याची नजर पुन्हा धुराकडे वळली आहे. मुंबईच्या हवेवरून उच्च न्यायालयानं जानेवारी २०२५ मध्ये लाकूड-कोळशाच्या भट्ट्या सहा महिन्यांत बदलायला सांगितलं. हवेचा विचार करता ते योग्यच आहे. पण गॅसची किंवा विजेची भट्टी पावाचा घाणा निघाला की बटण दाबून बंद होते. रात्रीची उतरती आच तिच्यात शिल्लकच राहत नाही, मग बेकरीवाला भाड्यानं काय देणार? ओळखीच्या एका बेकरीवाल्याला विचारलं, दिवाळीत पत्रे घेशील का. म्हणाला, ‘घेईन की साहेब. पण भाडं युनिटवर लावावं लागेल.’