वाघनख आणि वकिली

स्मरणिकेसाठी चार शब्द लिहा, असा मंडळाच्या भगिनींचा आग्रह झाला, तेव्हा मला कोणताही गाजलेला निकाल आठवला नाही. आठवले ते आईच्या दागिन्यांच्या डब्यातले वाघनख. सोन्यात मढवलेले, माझ्या बारशाला आजोळहून आलेले. आपल्यापैकी कित्येक घरांत असे एखादे असेल. वन्य प्राण्यांच्या खटल्यांत मी वीस वर्षे उभी राहिले, आणि मुद्देमाल माझ्याच माहेरी पडून!

मुंबई राज्याने १९५१ साली वन्य पशुपक्ष्यांच्या रक्षणाचा कायदा केला खरा, पण परवाना काढून शिकार करण्यास त्यात वाव होता. देशासाठी कडक कायदा झाला तो १९७२ साली. पुढे दुरुस्त्या होत गेल्या. २००२ च्या दुरुस्तीने वाघ-बिबळ्यांसारख्या प्राण्यांबाबतच्या गुन्ह्याला किमान तीन वर्षे कैद ठरली. घरातल्या जुन्या, न नोंदवलेल्या वस्तू जाहीर करण्यासाठी २००३ साली १८० दिवसांची मुदतही दिली गेली. आईला ती कोणी सांगितली नाही. सांगायला हवी होती मीच.

एवढा कडक कायदा, मग आरोपी सुटतात कसे? कागदावर सुटतात. माझा पहिलाच खटला बिबळ्याच्या कातड्याचा. आरोपी मालासकट सापडलेला. बचावाचे वकील म्हणाले, हे रंगवलेले कुत्र्याचे कातडे कशावरून नाही? नमुना देहरादूनच्या वन्यजीव संस्थेकडे गेला, बिबळ्याचेच असा अहवाल आला. पण पंचनाम्यात लाखेच्या मोहोरा तीन, आणि न्यायालयात गाठोडे उघडले तेव्हा त्यावर दोनच! दोन्ही पंच उलटले. आठवडाभर आधी एक गृहस्थ मिठाईचा पुडा घेऊन माझ्याकडे आले होते. "बाई, एवढ्याशा प्रकरणात कशाला जीव घालता?" पुडा मी परत केला, असाच पुडा आणखी कोणाकोणाकडे पोचला असेल, हे मात्र मनात आले नाही. आरोपी सुटला.

मोठ्यांचीही हीच कथा. संसारचंदवर १९७४ पासून खटले होत होते. २००३ साली राजस्थानात रेल्वेत बिबळ्याची कातडी सापडली. त्या प्रकरणातली पाच वर्षांची शिक्षा सर्वोच्च न्यायालयाने कायम केली ती २०१० साली. मधल्या काळात, २००५ साली, सरिस्काच्या व्याघ्रप्रकल्पात एकही वाघ उरला नसल्याचे उघड झाले होते.

हे खटले नुसत्या पोलिसांच्या दोषारोपपत्रावर चालत नाहीत. अधिकाऱ्याने न्यायालयात फिर्याद द्यावी लागते. साठ दिवसांची नोटीस देऊन कोणीही नागरिक ती देऊ शकतो. (होय, आपणसुद्धा.) पण अशा खटल्यात साक्षीदाराला आरोप ठेवण्यापूर्वी एकदा आणि नंतर उलटतपासासाठी पुन्हा यावे लागते. वनरक्षक बिचारा एसटीने येतो, तारीख पडली की तसाच परत जातो.

मग मी महिन्यातून एक संध्याकाळ वनरक्षकांबरोबर बसू लागले. मोहोरेचा ठसा पंचनाम्यावरच उठवा, वेळ घाला, ओळींत कोरी जागा सोडू नका, एवढेच सांगत असे. त्यांतला एक पुढे सातव्या तारखेला पिंजऱ्यात उभा राहिला आणि त्याने ठसा ओळखला. त्या आरोपीला तीन वर्षे लागली.

आई गेल्यावर वाघनख घेऊन मी वनकचेरीत गेले. तिथल्या कारकुनाला काही सुचेना. "ठेवून जा ना, ताई. पावती कशाला?" मी खुर्ची ओढली, कागद मागितला, पावतीचा मसुदा स्वतः लिहिला, वजन घालून घेतले, आणि लाख वितळेपर्यंत तिथेच बसून राहिले.