सोनाळा परिसरातील आरोग्यविमा: कपाशीच्या मुलखातून जीवनदायीकडे

सोनाळा हे बुलढाणा जिल्ह्याच्या संग्रामपूर तालुक्यात सातपुड्याच्या पायथ्याशी वसलेले गाव. उत्तरेला अंबाबरवा अभयारण्याचे जंगल आणि आदिवासी वस्त्या, दक्षिणेला पूर्णेच्या खोऱ्यातील काळी जमीन. गावात प्राथमिक आरोग्य केंद्र आहे, ग्रामीण रुग्णालय वरवट बकालला. शस्त्रक्रिया किंवा मोठा आजार निघाला, की खामगाव किंवा अकोला गाठावे लागते. घरातली गुरे, दागिने आणि शेत विकायची वेळ येते ती इथून पुढे.

भारतात सामाजिक आरोग्यविम्याचा आराखडा प्रा. बी. पी. आडारकर यांनी 1944 मध्ये सरकारला सादर केला. त्यावरून 1948 चा कर्मचारी राज्य विमा कायदा झाला आणि 24 फेब्रुवारी 1952 रोजी कानपूर व दिल्ली येथे प्रत्यक्ष काम सुरू झाले. कामगार आणि मालक दोघांनी वर्गणी भरायची आणि उपचार हक्काने घ्यायचा, ही त्याची रीत. सोनाळा ज्यात येते त्या वऱ्हाडाला मात्र तिचा लाभ फारसा झाला नाही, आणि त्याचे कारण कायद्यातच होते. हंगामी कारखान्यांना हा कायदा लागू नव्हता, आणि हंगामी कारखान्यांच्या व्याख्येत सरकी काढणे, कापसाच्या गाठी बांधणे आणि भुईमूग फोडणे ही कामे नावानिशी घातली होती. खामगाव तर कापसाच्या पेठेसाठी आणि जिनिंग-प्रेसिंगसाठीच ओळखले जाणारे शहर. जिनात हंगामभर रुईच्या धुळीत काम करणारा मजूर आणि शेतात कापूस वेचणारी बाई, दोघेही विम्याबाहेर राहिले. मुलखाचा मुख्य धंदाच कायद्याने वगळलेला असणे, हा तिथल्या माणसांवर झालेला अन्याय होता.

1996 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पश्चिम बंगालमधील खेतमजूर समितीच्या खटल्यात सरकारी रुग्णालयाने तातडीचा उपचार नाकारणे म्हणजे घटनेच्या 21 व्या कलमातील जगण्याच्या हक्काचा भंग, असा निकाल दिला. पुढच्याच वर्षी महाराष्ट्राने दारिद्र्यरेषेखालील रुग्णांच्या हृदय, मूत्रपिंड आणि मेंदूच्या आजारांसाठी जीवनदायी योजना आणली. विस्तृत स्वरूपातील राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना 2 जुलै 2012 रोजी आठ जिल्ह्यांत सुरू झाली. त्यात अमरावती होता, बुलढाणा नव्हता. सोनाळ्याच्या रुग्णाला 21 नोव्हेंबर 2013 पर्यंत, म्हणजे योजना राज्यभर लागू होईपर्यंत, थांबावे लागले. पिवळे किंवा केशरी रेशन कार्ड असलेल्या कुटुंबाला वर्षाला दीड लाख आणि मूत्रपिंड प्रत्यारोपणासाठी अडीच लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण मिळाले. हप्ता राज्य सरकारने भरला.

व्यवहारात सगळे कागदांवर चाले. योजनेतील रुग्णालयात आरोग्यमित्राच्या टेबलावर रेशन कार्ड आणि ओळखपत्र दाखवायचे. निदान योजनेच्या यादीत बसले तर मंजुरी ऑनलाइन मागवली जाई आणि ती आली की शस्त्रक्रिया. कार्डावरचे नाव आणि ओळखपत्रावरचे नाव जुळले नाही तर काम तिथेच अडे. पुढे शेतकरी-आत्महत्याग्रस्त 14 जिल्ह्यांतील शुभ्र कार्डधारक शेतकरीही योजनेत आले. बुलढाणा त्यांपैकी एक. त्यांना सातबारा किंवा तलाठ्याचा दाखला जोडावा लागे. जमिनीचा उतारा असा दवाखान्यात दाखवायचा कागद झाला.

या तालुक्यात मूत्रपिंडाच्या आजाराला विशेष महत्त्व आहे. पूर्णाकाठचा भाग खारपाणपट्ट्यात मोडतो. तिथले भूजल खारट असून किडनीचे रुग्ण हा संग्रामपूर आणि जळगाव जामोद तालुक्यांचा जुना प्रश्न आहे. वान धरणातून 140 गावांना पाणी देणारी योजना त्याच गरजेतून आली. डायलिसिसचा खर्च विम्याने भागतो, पण रुग्णाला दर आठवड्याला गाव सोडून जावेच लागते. गोड पाणी पुरवणे हा या भागात विम्याआधीचा उपाय आहे.

2017 मध्ये योजनेला महात्मा जोतिराव फुले यांचे नाव मिळाले आणि 1 एप्रिल 2020 पासून ती केंद्राच्या प्रधानमंत्री जन आरोग्य योजनेशी जोडली गेली.

अशा विमा योजनांपुढे येणारा कायद्याच्या कसोटीचा प्रश्न भारतात वेगळ्या जागी उभा राहतो. अमेरिकेत 2010 च्या आरोग्यविमा कायद्याला थेट आव्हान दिले गेले. विमा घेण्याची सक्ती घटनाबाह्य आहे, हा त्यातला मुख्य मुद्दा होता. 28 जून 2012 रोजी, राजीव गांधी जीवनदायी सुरू होण्याच्या चारच दिवस आधी, तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी ती तरतूद कर म्हणून वैध ठरवली. महाराष्ट्रातील योजनेत सक्ती नाही आणि ती कायद्यावर नव्हे, शासन निर्णयांवर चालते. त्यामुळे इथला वाद मुख्यतः खासगी रुग्णालयांवर सरकारचा अधिकार किती, यावर होतो. 2006 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने धर्मादाय रुग्णालयांतील 10 टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत आणि 10 टक्के दुर्बल घटकांना सवलतीत देण्याची योजना लागू केली. कोविडच्या काळात सरकारने बिगर-कोविड रुग्णांसाठीही खासगी रुग्णालयांचे दर ठरवले, तेव्हा नागपूरच्या रुग्णालयांची संघटना न्यायालयात गेली. ऑक्टोबर 2020 मध्ये नागपूर खंडपीठाने तसा अधिकार राज्याला नाही, असे ठरवून त्या तरतुदी रद्द केल्या. बुलढाणा जिल्हा याच खंडपीठाच्या कक्षेत येतो.

1 जुलै 2024 पासून संरक्षण पाच लाखांवर गेले आणि रेशन कार्डाच्या रंगाची अट उरली नाही. शुभ्र कार्डाच्या शेतकऱ्याला दवाखान्यात सातबारा नेण्याची गरज संपली. उपचारांची यादी आणि रुग्णालयांची निवड मात्र अजूनही सरकारी आदेशानेच ठरते. 2023 मध्ये राजस्थानने आरोग्य हक्काचा कायदा केला, महाराष्ट्रात तसा कायदा नाही. मंजुरी नाकारली गेली, तर सोनाळ्याच्या रुग्णाला आधी योजनेच्या तक्रार यंत्रणेकडे जावे लागते आणि तिथे दाद न लागल्यास 21 व्या कलमाच्या आधारे नागपूरला.