तेरा डॉलरचा वार

अमेरिकेत कापडाच्या दुकानात पहिल्यांदा गेलं की मराठी माणसाला एक जुनी ओळख भेटते. ती म्हणजे वार. भारतात १९६० च्या दशकात मीटर रुळला आणि वार फक्त पाचवारी-नऊवारीत उरला. इथे मात्र आजही कापड वारावर मोजतात आणि वारावरच विकतात.

क्विल्ट शिवायला लागलेल्या आपल्यातल्या अनेकींना पहिला प्रश्न पडतो तो भावाचा. मोठ्या साखळी दुकानात फुलाफुलांचं सुती कापड ७ डॉलर वार. गावातल्या छोट्या क्विल्टच्या दुकानात तशाच फुलांचं कापड १३ डॉलर वार. दोन्हींवर लिहिलेलं एकच, शंभर टक्के कॉटन. मग हे वरचे ६ डॉलर कशाचे? दुकानदार म्हणते, ‘हात लावून बघा.’ उत्तर बरोबर आहे, पण अपुरं. हाताला काय लागायला हवं हे कळायचं तर या कापडाचा इतिहास थोडा माहीत असावा लागतो, आणि तो इतिहास आपल्याकडूनच सुरू होतो.

क्विल्टच्या दुकानातले निम्मे शब्द आपले आहेत. कॅलिको हे नाव कालिकत बंदरावरून आलं. चिंट्‌झ म्हणजे आपलं चीट, ज्याची परकर-पोलकी आपल्या आज्या-पणज्यांनी घातली. जुन्या अमेरिकन घरांच्या सामानाच्या याद्यांत ‘पॅलमपोर’ सापडतं, ते म्हणजे पलंगपोस. कोरोमंडल किनाऱ्यावर हातानं रंगवलेले हे पलंगपोस सतराव्या-अठराव्या शतकात युरोपात आणि तिथून अमेरिकेत गेले. त्यांची खरी किंमत नक्षीची नव्हती. ते धुतले तरी रंग जात नसे. तुरटीसारखे रंगबंधक वापरून सुतात लाल रंग पक्का बसवण्याची विद्या तेव्हा युरोपात कुणाला नीट येत नव्हती. कापडाची पहिली परीक्षा पाण्यात होते, ही गोष्ट तेव्हापासूनची.

हे कापड इतकं खपू लागलं की लोकर आणि रेशीम विणणारे बिथरले. फ्रान्सनं १६८६ मध्ये छापील सुती कापडावर बंदी घातली. इंग्लंडनं १७२१ च्या कायद्यानं ते वापरायलाही मनाई केली. अमेरिकेतल्या वसाहतींना मात्र ते विकता येत होतं. तिथल्या सधन घरातल्या बायका महागड्या चिटातली फुलं-पक्षी कातरून साध्या पांढऱ्या कापडावर टाचत आणि त्याचं क्विल्ट करत. एक लहानसा तुकडा असा सगळ्या पलंगभर पुरवत.

म्हणजे अमेरिकन क्विल्ट सुरुवातीला गरिबीतून आलेलं नाही. इथे आपल्या गोधडीशी त्याचा मोठा फरक आहे. गोधडी जुनेराची. विरलेली लुगडी, फाटकी धोतरं, पोरांचे आखूड झालेले सदरे यांना पुन्हा कामाला लावायचं म्हणून ती शिवली जाते. तिथे कापड पारखायची वेळ येत नाही, कारण दहा वर्षं धुऊन टिकलेलं कापड परीक्षेत आधीच उतरलेलं असतं. नवं कापड विकत आणून त्याचे तुकडे करायचे आणि पुन्हा जोडायचे, हे ऐकून गावाकडची एखादी आजी हसेलच. पण नवं कापड घेणाऱ्या बाईला पारख शिकावीच लागते.

कापड स्वस्त झालं ते एकोणिसाव्या शतकात. १७९३ मध्ये एली व्हिटनीनं सरकी काढायचं यंत्र केलं. १८२० च्या दशकात मॅसॅच्युसेट्समधल्या लोवेल गावी नदीच्या पाण्यावर चालणाऱ्या गिरण्या उभ्या राहिल्या आणि छापील कॅलिको साध्या शेतकरी घरांच्या आवाक्यात आलं. आज संग्रहालयांत दिसणारे हजारो तुकड्यांचे क्विल्ट याच काळापासूनचे. पण या स्वस्ताईची किंमत दुसरं कुणीतरी मोजत होतं. १७९० च्या जनगणनेत अमेरिकेत गुलामांची संख्या सुमारे ७ लाख होती, १८६० मध्ये ती जवळजवळ ४० लाख झाली. त्यांतले कितीतरी कापसाच्या शेतांत राबत होते. त्यांनी वेचलेला कापूस उत्तरेकडच्या गिरण्यांत जाई आणि त्यांच्याच अंगावर घालायला जाडंभरडं, हलकं कापड बनून परत येई. त्याला ‘निग्रो क्लॉथ’ म्हणत, कधी नुसतं ‘लोवेल’. कोणत्या माणसाला कोणत्या प्रतीचं कापड, हेही ठरलेलं होतं.

हॅरिएट पॉवर्स ही बाई १८३७ मध्ये जॉर्जियात गुलामगिरीत जन्मली. स्वतंत्र झाल्यावर तिनं बायबलमधल्या गोष्टींचं एक क्विल्ट शिवलं आणि १८८६ मध्ये अथेन्स गावच्या कापूस प्रदर्शनात मांडलं. जेनी स्मिथ नावाच्या चित्रकलेच्या शिक्षिकेनं ते विकत मागितलं, तेव्हा हॅरिएटनं नकार दिला. पुढे हलाखीचे दिवस आले. तिनं १० डॉलर मागितले आणि मिळाले ५. आज ते क्विल्ट वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. त्या ५ डॉलरमध्ये तिचे टाके कुणी मोजले नव्हते. कापडाच्या भावाची चर्चा करताना ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे.

विसाव्या शतकात, मंदीच्या काळात, पारख आणखी एका वाटेनं टिकली. पीठ, साखर, कोंबड्यांचा दाणा सुती पोत्यांतून येई. बायका ती पोती उसवून वापरतात हे पाहून कंपन्यांनी पोत्यांवर फुलं-चौकटी छापायला सुरुवात केली. मोठं पोतं उसवलं की साधारण एक वार कापड निघे. एका झग्याला तीन सारखी पोती लागत, म्हणून शेजारणी पोत्यांची अदलाबदल करत. कोणत्या पोत्याचा पोत कसा हे त्यांना पाठ असे. साखरेचं आणि पिठाचं पोतं घट्ट विणीचं, कारण आतला माल गळायला नको. दाण्याचं पोतं जाड आणि विरळ. धाग्यांचा आकडा कुणी सांगितलेला नव्हता. आत काय भरलं होतं त्यावरून वीण कळत होती.

दुसऱ्या महायुद्धानंतर कागदाची पोती आली आणि ही वाट बंद झाली. त्यानंतर पॉलिएस्टर आलं. १९७० च्या दशकात अमेरिकेतली कापडाची दुकानं न चुरगळणाऱ्या कापडानं भरलेली होती, आणि साधं सुती कापड शोधत हिंडावं लागे. नेमक्या त्याच वेळी क्विल्टला नवे दिवस आले. १९७१ मध्ये न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयानं जुने क्विल्ट चित्रांसारखे भिंतीवर टांगले. १९७६ मध्ये देशाच्या द्विशताब्दीनिमित्त गावोगावी बायका शिवायला बसल्या. त्यांना सुती कापडच हवं होतं, कारण पॉलिएस्टरची घडी नखानं दाबून बसत नाही आणि दोन तुकडे नीट जुळत नाहीत.

जिनी बायर या नावाजलेल्या क्विल्टकर्तीनं १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला भारतात राहत असताना क्विल्ट शिवायला घेतलं, तेही तिथल्या ठशांच्या गडद सुती कापडाचं. १९८० च्या दशकात खास क्विल्टसाठी कापडाची नक्षी काढणाऱ्या पहिल्या काही लोकांत तिचं नाव येतं. ‘क्विल्टिंग कॉटन’ हा आज वेगळा माल मानला जातो, तो या बायकांनी मागणी लावून धरली म्हणून.

आता पुन्हा त्या ६ डॉलरकडे येऊ. या कापडाचा चौरस वार साधारण सव्वाचार औंस भरतो. ४४ इंच पन्ह्याचा एक वार म्हणजे सव्वापाच औंस, जवळपास पाव किलोच्याही आतच. कापसाचा बाजारभाव २०११ मध्ये पहिल्यांदा पौंडाला २ डॉलरच्या वर गेला. तो भाव धरला तरी एका वारात पाऊण डॉलरच्या आसपासच कापूस बसतो. एरवी त्याहूनही कितीतरी कमी. म्हणजे १३ डॉलरमधला शेतकऱ्याचा वाटा सुट्ट्या नाण्यांत मोजता येईल एवढाच. बाकी पैसे सूतकताई, विणाई, धुलाई, नक्षी, छपाई, जहाज आणि दुकानाचं भाडं यांचे.

प्रत ठरते ती मुख्यतः छपाईच्या आधी. इचलकरंजी-भिवंडीत ज्याला ‘ग्रे’ कापड म्हणतात, तेच इथेही मूळ. छपाई तशीच असली तरी खालचं ग्रे कापड वेगळं असू शकतं. इंचात उभे-आडवे ६० धागे, ६८ धागे, ७८ धागे असे प्रकार चालतात. पण नुसत्या आकड्यावर जाऊ नये. कोना कॉटन हे प्रसिद्ध एकरंगी कापड ६० बाय ६० चंच आहे, पण त्याचा धागा भरदार असल्यानं ते अंगानं चांगलं लागतं. नक्षी नसल्यामुळे ते छापील कापडापेक्षा बहुधा स्वस्तही पडतं. उलट बाटिकची वीण इतकी घट्ट असते की हातानं टाके घालणाऱ्या बाईची बोटं दुखतात. जास्त धागे म्हणजे जास्त चांगलं, हे चादरीच्या जाहिरातीतलं गणित इथे लागू पडत नाही. आणखी एक फसवा शब्द म्हणजे मस्लिन. ढाक्याची मलमल डोळ्यांपुढे आणून कुणी ते मागवलं, तर हातात आपला मांजरपाट पडेल.

दुकानात करायच्या परीक्षा सोप्या आहेत. कापडाचा एकच पदर उजेडासमोर धरा. वीण सारखी हवी, कुठे जाड-बारीक पट्टे नकोत. कोपरा दोन हातांत धरून चोळा. पांढरी भुकटी पडली किंवा कापड एकदम लुळं झालं तर आधीचा कडकपणा खळीचा होता. उलटी बाजू बघा. रंग आत उतरला आहे की वरवर बसला आहे, ते तिथे दिसतं. चौकटी किंवा रेघा असतील तर त्या धाग्याला धरून छापल्या आहेत का पाहा, नाहीतर प्रत्येक तुकडा वाकडा निघतो. घरी आणल्यावर ओल्या पांढऱ्या फडक्यानं गडद रंग पुसून बघा. दहा इंचांचा चौकोन कापून धुवा. तो साडेनऊ इंच झाला तर पाच टक्के आटलं. आटणं हा दोष नाही. दोन दुकानांची दोन कापडं वेगवेगळी आटली आणि ती एकमेकांना जोडलेली असली, तर मात्र पहिल्याच धुण्यात क्विल्टला सुरकुत्या पडतात.

मग घ्यायचं कुठलं? डबल बेडच्या क्विल्टला वरचा थर आणि अस्तर मिळून साधारण १६ वार कापड धरू. ७ डॉलरनं ११२, १३ डॉलरनं २०८. फरक ९६ डॉलरचा. हातानं टाके घालायला २०० तास लागले असं धरलं, तर हा फरक तासाला ४८ सेंट पडतो. भाव महाग वाटतो कारण आपण कापडाचेच पैसे मोजतो, तासांचे मोजत नाही. शिवणीशी उसवणारं कापड त्या २०० तासांसकट फुकट जातं. म्हणून जिथे हातानं टाके घालायचे, नातवंडांपर्यंत जायचं, तिथे चांगलं कापड घ्यावं. तीन वर्षांत रोजच्या धुण्यानं विरणार असलेल्या बाळाच्या दुपट्याला ७ डॉलरचंही चालतं, फक्त वरच्या परीक्षांत उतरलेलं असावं.

अडचण आता वेगळीच आहे. हँकॉक फॅब्रिक्स ही साखळी २०१६ मध्ये बंद झाली. १९४३ मध्ये क्लीव्हलँडमध्ये सुरू झालेल्या जोअ‍ॅनची सगळी दुकानं २०२५ च्या मे महिन्यापर्यंत मिटली. कितीतरी गावांत आता कापडाला हात लावायला जागाच नाही, आणि पडद्यावर सगळीच फुलं सारखी सुंदर दिसतात. अशा वेळी एकदम १६ वार मागवू नयेत. आधी ‘फॅट क्वार्टर’ म्हणजे १८ बाय २२ इंचांचा पाव वार मागवावा. तो धुवावा, चोळावा, उजेडाला धरावा, त्यात सुई घालून बघावी. पसंत पडलं तर पुढचं घ्यावं, नाही पडलं तर तुकडा वाया जात नाही. घरातल्या जुन्या सुती साडीबरोबर तो गोधडीत जातो.