ध्रुवाचे भ्रमण

विवाहविधीत वर वधूस ध्रुवदर्शन करवितो, ते त्या ताऱ्याच्या अचलपणाची साक्ष म्हणून. त्याच ताऱ्याच्या चळण्यावरून रात्रीचा काळ सांगणारे यंत्र आपल्याच एका ज्योतिष्याने रचावे, याचे आम्हांस मोठे कौतुक वाटते.

हा ज्योतिषी म्हणजे नार्मदपुत्र पद्मनाभ. पंधराव्या शतकाच्या पूर्वार्धात त्याने ‘ध्रुवभ्रमयंत्र’ वर्णिले. शंकर बाळकृष्ण दीक्षित यांनी आपल्या ‘भारतीय ज्योतिःशास्त्र’ (१८९६) या ग्रंथात त्याची दखल घेतली आहे. यंत्राची रचना साधी आहे: एक लांबट चौकोनी पत्रा, वरच्या अंगास आडवी चीर, खाली घटिकांच्या खुणा केलेले वर्तुळ, आणि मध्यभागी ओळंब्याप्रमाणे आपल्याच भाराने लोंबणारा काटा. ध्रुव आणि ध्रुवमत्स्यातील दुसऱ्या टोकाचा तेजस्वी तारा असे दोन्ही चिरेतून एकदम दिसेपर्यंत पत्रा कलता करावयाचा. मग काटा जेथे स्थिरावेल, ती नाक्षत्र वेळ.

यात साधले काय, हे कळण्यास घटिकापात्र आठवावे. पाण्यात सोडलेले सच्छिद्र पात्र २४ मिनिटांत बुडे. आपण अजून ‘घटका भरली’ म्हणतो ते त्यावरूनच. परंतु त्याच्यापाशी रात्रभर कोणी जागावे लागे, आणि जागणाऱ्याचा डोळा लागला की गणती बुडाली. आकाशाची गणती मात्र कोणाच्या झोपेने चुकत नाही. मेघ दूर होताच ती पुन्हा वाचता येते. एवढेच की, तारे रोज सुमारे १० पळे, म्हणजे ४ मिनिटे, आधी उगवतात. महिन्यात हा फरक ५ घटिकांचा होतो. म्हणून त्या दिवशीचे सूर्याचे स्थान जाणून हिशेब करावा लागे.

आणि ध्रुव? पद्मनाभाच्या काळी तो खऱ्या ध्रुवबिंदूपासून सुमारे चार अंश दूर होता. आज ते अंतर एका अंशाहूनही कमी आहे. पूज्य मानलेल्या गोष्टीकडे उघड्या डोळ्यांनी पाहिल्याने तिचे महत्त्व उणावत नाही, उलट ती उपयोगी पडते, हे या यंत्राच्या नावातच आले आहे. आमच्या वाचकांनी एखाद्या निरभ्र रात्री मुलांस अंगणात न्यावे, आणि हे दोन तारे सायंकाळी एकदा व निजण्यापूर्वी एकदा दाखवावे. त्यांची कललेली रेषा पाहून मुले प्रश्न विचारतील. उत्तर देण्याइतके आकाश आपणांस ठाऊक असावे.