देखावा आणि राहतें घर

दिंडोशीच्या डोंगराळ भागाला लागून 1977 सालीं महाराष्ट्र सरकारनें चित्रनगरी वसविली. तेथील घरांची दर्शनी बाजू हुबेहूब असते. पण दार उघडून आंत गेल्यास खोली आढळेलच असें नाहीं. याच दिंडोशींत आज इन्फिनिटी आयटी पार्कसारखीं संगणकाच्या कामाचीं संकुलें उभीं आहेत, आणि त्या धंद्यांतहि देखावा कोणता व राहतें घर कोणतें, हा प्रश्न जुनाच आहे.

वेबवर दुकान मांडावयाचें असो वा पेढी चालवावयाची असो, ग्राहक ओळखणें, नोंदी जपणें, पानें दाखविणें हीं कामें सर्वत्र सारखींच. तीं एकदांच रचून ठेवलेला सांगाडा म्हणजे वेब फ्रेमवर्क. नुसत्या सांगाड्याकडे पाहून त्याचें बळ समजत नाहीं; म्हणून त्याचे पुरस्कर्ते त्यावर एखादें नमुन्याचें अ‍ॅप उभारून दाखवितात.

अशा नमुन्यांत विशेष गाजलें तें सन मायक्रोसिस्टिम्स या अमेरिकन कंपनीचें 'पेट स्टोअर'. जावाच्या पद्धती शिकविण्यासाठीं रचलेलें पाळीव प्राण्यांचें तें लुटुपुटीचें दुकान होतें. 2001 सालीं मायक्रोसॉफ्टनें तेंच दुकान आपल्या डॉटनेटवर नव्यानें बांधलें आणि 14,273 ओळींचें काम 3,484 ओळींत होतें, शिवाय वेगहि 28 पट वाढतो, असा डांगोरा पिटला. जावापक्षाचें उत्तर असें कीं, धड्यांतील उदाहरणाला शर्यतींत उतरविणें हा न्याय नव्हे. पुढल्या वर्षीं मिडलवेअर कंपनी या संस्थेनें जावाची सुधारलेली आवृत्ति घेऊन पुन्हां तुलना केली. परंतु त्या चांचणीचा खर्च मायक्रोसॉफ्टनें सोसला होता, म्हणून तिच्यावरहि गदारोळ उठला. वाद पोरकट वाटला तरी पणास लागलेली गोष्ट लहान नव्हती. पेढ्या व कारखाने यांना आपला कारभार कोणत्या सांगाड्यावर उभा करावयाचा हें ठरवावयाचें होतें, आणि इमारत उठल्यावर पाया बदलणें किती महाग पडतें हें सांगावयास नको.

2005 सालीं डेव्हिड हाइनमायर हॅन्सन या डॅनिश तरुणानें 'रूबी ऑन रेल्स'वर पंधरा मिनिटांत ब्लॉग उभारून दाखविला. पाहणारे थक्क झाले. परंतु सोपेपणा हा एक गुण, भार पेलणें हा दुसरा. 2006 सालीं त्याच सांगाड्यावर निघालेलें ट्विटर गर्दी वाढतांच वारंवार बंद पडूं लागलें, व पुढें त्याचे बरेच भाग दुसऱ्या भाषांत लिहावे लागले. दोष सर्वस्वीं रेल्सचा होता असें नव्हे. पंधरा मिनिटांच्या नमुन्यानें गर्दीविषयीं कांहीं वचनच दिलें नव्हतें.

मुंबईच्याच उपनगरांत, विद्याविहार येथें, याहून निराळा मार्ग चोखाळला गेला. ऋषभ मेहता यांनीं 2008 सालीं स्थापिलेल्या कंपनीनें हिशेब, माल व पगार सांभाळणारें 'ईआरपीनेक्स्ट' रचलें; तें ज्यावर उभें आहे तो 'फ्रॅपे' सांगाडाहि तिचाच. दोहोंची आज्ञावली कोणासहि वाचावयास खुली आहे. येथें नमुना आणि माल एकच. उणीव निघाली तर ती प्रथम कर्त्यांनाच सलते. तथापि कचेरींतील ठराविक माणसांचा भार आणि तिकिटांच्या खिडकीवर लोटणारी लाखोंची गर्दी यांत अंतर आहे. एकीचा पुरावा दुसरीला पुरत नाहीं.

म्हणून नमुना कितीहि देखणा असो, तो कोणत्या भारासाठीं बांधला, मोजमाप कोणीं केलें आणि त्याचा खर्च कोणीं सोसला, हें विचारल्यावांचून कोणीं आपला कारभार त्याच्या स्वाधीन करूं नये.