बाप्तिस्मा कपाळावर की डोहात? आमच्या मंडळीच्या वाटणीची गोष्ट

सुरतेतल्या मराठी घरांच्या आठवणी इथे आवडीने वाचतो. गणेशोत्सव येतो, हळदीकुंकू येतं, मिलच्या पाळ्या येतात. आम्हा मराठी ख्रिस्ती घरांचं मात्र कोणी लिहीत नाही, म्हणून मीच लिहायला बसलो. आमच्यात 'मंडळी' म्हणजे चर्चची माणसं. ही गोष्ट अशाच एका मंडळीची आहे, जिचे पुढे दोन भाग झाले.

सुरत हे या भागातल्या मिशनचं जुनं ठिकाण. 1815 मध्ये लंडन मिशनरी सोसायटीचे स्किनर आणि फायवी इथे आले. त्यांच्या छापखान्यात 1820 च्या सुमारास गुजराती नवा करार छापला गेला. पुढे हे काम आयरिश प्रेस्बिटेरियन मिशनकडे गेलं. ते तान्ह्या बाळालाही बाप्तिस्मा देत, कपाळावर थोडं पाणी शिंपडून.

आमच्या घरची वाट वेगळी. आजोबा डहाणूकडचे, नोकरीसाठी व्याऱ्याला आले आणि बाबा तिथून सुरतेला. डहाणू काय आणि व्यारा काय, दोन्ही ठिकाणी अमेरिकेच्या 'चर्च ऑफ द ब्रदरन'चं काम. त्यांचे पहिले मिशनरी विल्बर स्टोव्हर यांनी 1895 मध्ये बलसाडला (आताचं वलसाड) काम सुरू केलं. या पंथाचा उगम जर्मनीतला, 1708 चा. लहान बाळाला बाप्तिस्मा नाही. माणूस कळता झाला, स्वतः हो म्हणाला, की पाण्यात उतरायचं आणि पुढे वाकून तीनदा बुडायचं. पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावाने. प्रभुभोजनाआधी एकमेकांचे पाय धुवायचे आणि एकत्र जेवायचं, त्याला प्रीतिभोजन म्हणत. युद्धात भाग नाही, शपथ नाही. आजी सांगायची, पाटलाच्या सुनेने मजुरणीचे पाय धुतले तेव्हा सगळं गाव बघायला आलं होतं. मला विचाराल तर शंभर प्रवचनांपेक्षा त्या एका तपेलीने जास्त काम केलं असेल.

ब्रदरनच्या कामाचे भाषेनुसार दोन जिल्हे होते. गुजराती भाग म्हणजे 'फर्स्ट डिस्ट्रिक्ट', आमचा डहाणूकडचा मराठी भाग 'सेकंड'. आजोबा एकातून निघून दुसऱ्यात आले, पण घरी ना. वा. टिळकांची भजनंच गात राहिले. रविवारी गुजराती उपासना, रात्री चटईवर मराठी अभंग. शेजारच्या गुजराती काकी विचारायच्या, "तमे तो ख्रिस्ती, तो आ विठोबा जेवुं शुं गाव छो?"

मग 29 नोव्हेंबर 1970. नागपूरला सहा चर्च एकत्र येऊन 'चर्च ऑफ नॉर्थ इंडिया' झालं. ब्रदरनही आत गेले आणि प्रेस्बिटेरियनही, म्हणजे शिंपडणारे आणि बुडवणारे एका छपराखाली. दोन्ही बाप्तिस्मे मान्य, असं ठरलं. आजोबांना आनंद झाला. ते म्हणायचे, फुटलेली मंडळी बाहेरच्याला प्रेमाचं काय सांगणार! आजोबांच्या धाकट्या भावाला, म्हणजे आमच्या चुलत आजोबांना, हे मुळीच पटलं नाही. बाळ हो म्हणू शकत नाही, मग तो बाप्तिस्मा कसला, हा त्यांचा सरळ प्रश्न. दोघंही आपापल्या परीने बरोबर होते, आणि तीच अडचण होती.

गुजरातमधल्या काही ब्रदरन सभासदांनी पुढे वेगळं राहायचं ठरवलं आणि वाद मालमत्तेवर आला. चर्चच्या इमारती, बंगले, जमिनी. धर्माचा प्रश्न चॅरिटी कमिशनरच्या दारात गेला. 1950 च्या मुंबई सार्वजनिक विश्वस्त कायद्याखालच्या ट्रस्टचा हा वाद दिवाणी कोर्टात चालणार नाही, असं 2005 मध्ये सुप्रीम कोर्टाने म्हटलं. 2013 मध्ये त्याच कोर्टाने सांगितलं की विलीनीकरणाचा नुसता ठराव केला म्हणून जुनी सोसायटी आणि ट्रस्ट आपोआप संपत नाहीत. कायद्याची रीत पुरी व्हायला हवी. म्हणजे 1970 चा प्रश्न 43 वर्षांनी सुटला. तोवर आजोबा आणि त्यांचे भाऊ दोघंही गेले होते. शेवटची बरीच वर्षं त्यांनी एका मेजावर प्रभुभोजन घेतलं नाही. नाताळच्या करंज्या मात्र या घरून त्या घरी जात राहिल्या. आजी आणि धाकट्या आजींनी तो व्यवहार कोर्टाला विचारून केला नाही.

मधल्या काळात बाहेर काय घडत होतं? 1998 च्या नाताळात डांगमध्ये प्रार्थनाघरांवर हल्ले झाले, जाळपोळ झाली. जानेवारी 1999 मध्ये पंतप्रधान वाजपेयी डांगला येऊन गेले आणि धर्मांतरावर राष्ट्रीय चर्चा व्हावी म्हणाले. जाळणाऱ्याने कोण शिंपडणारा, कोण बुडवणारा हे विचारलं नसणार. 2003 मध्ये गुजरातचा कायदा आला: धर्मांतराचा विधी करणाऱ्याने जिल्हाधिकाऱ्याची आगाऊ परवानगी घ्यायची. 'स्वतःच्या मर्जीने' या दोन शब्दांसाठी ज्या लोकांनी भाऊबंदकी ओढवून घेतली, त्यांना आता ती मर्जी कागदावर दाखवायची होती. चुलत आजोबा असते तर यावर काय बोलले असते, हे मी पुष्कळदा मनात ऐकतो.

माझा मुलगा सतरा वर्षांचा आहे, अजून पाण्यात उतरलेला नाही. आम्ही विचारत नाही.

व्यारा किंवा डहाणूच्या मिशन शाळेतले, प्रीतिभोजनाचे जुने फोटो कोणाच्या पेटीत असतील तर इथे जरूर टाका. आमच्याकडे एकच आहे, आणि त्यात आजोबा आणि त्यांचे भाऊ शेजारी शेजारी उभे आहेत.

सगळ्यांना सलाम.